चिन्ह पुसले, सॉफ्टवेअर राहिले!

संगणकात सॉफ्टवेअर बसविण्याची आणि ते काढून टाकण्याची योग्य पद्धत

संगणक मंदावला, की घरोघरी आणि कचेऱ्यांमधून एक ठरलेला उपाय केला जातो. डेस्कटॉपवर गर्दी करून बसलेली चिन्हे एकेक करून निवडायची, कळफलकावरील ‘डिलीट’ची कळ दाबायची आणि शेवटी ‘रिसायकल बिन’ रिकामी करायची. पडदा स्वच्छ दिसू लागतो. संगणक मात्र होता तितकाच मंद राहतो. कारण अगदी सरळ आहे. डेस्कटॉपवरील चिन्ह म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. ती केवळ सॉफ्टवेअरकडे नेणारी पाटी असते आणि पाटी काढली म्हणून घर पडत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास आढळते. थोडी माहिती असलेला एखादा उत्साही वापरकर्ता ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये जातो आणि नको असलेल्या सॉफ्टवेअरचे अख्खे फोल्डरच पुसून टाकतो. त्यानंतर ते सॉफ्टवेअर चालत तर नाहीच, पण यादीतून त्याचे नावही जात नाही. संगणक सुरू करताना दरवेळी ‘अमुक फाइल सापडत नाही’ असा संदेश झळकू लागतो आणि तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवू पाहावे, तर ‘हे आधीच बसविलेले आहे’ असे उत्तर मिळते.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. सॉफ्टवेअर बसविताना संगणकात नेमके काय घडते, याची बहुतेकांना कल्पना नसते. सॉफ्टवेअर काढताना होणारा त्रास हा पुष्कळदा ते बसविताना केलेल्या घाईचा परिणाम असतो. त्यामुळे या दोन क्रियांचा विचार एकत्रच करावयास हवा. जगभर आणि आपल्याकडेही सर्वाधिक वापरात असलेल्या ‘विंडोज’ या कार्यप्रणालीच्या आधारे प्रस्तुत लेखात तो केला आहे.

‘बसविणे’ म्हणजे काय?

डॉसच्या काळात हा प्रश्न फारसा पडत नसे. फ्लॉपीवरील फाइल्स संगणकातील एखाद्या फोल्डरमध्ये उतरविल्या, की काम झाले. नको असेल तेव्हा तेच फोल्डर पुसायचे. विंडोज आल्यानंतर चित्र पालटले. एकच फाइल अनेक सॉफ्टवेअरनी मिळून वापरायची, एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करायची आणि प्रत्येकाने आपली माहिती कार्यप्रणालीकडे नोंदवायची, अशी व्यवस्था रूढ झाली.

आज आपण ‘सेटअप’ नावाची फाइल उघडून ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘फिनिश’ अशी बटणे दाबतो, तेव्हा पडद्याआड साधारणपणे पुढील गोष्टी घडतात. मुख्य फाइल्स ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये उतरविल्या जातात. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी याच नावाचे दुसरे फोल्डर असते. वापरकर्त्याच्या आवडीनिवडी साठविण्यासाठी ‘ॲपडेटा’ नावाच्या, एरवी दृष्टीस न पडणाऱ्या फोल्डरमध्ये जागा केली जाते. सामायिक वापराच्या काही फाइल्स खुद्द विंडोजच्या फोल्डरमध्ये जातात. ‘रजिस्ट्री’मध्ये, म्हणजे विंडोजच्या मध्यवर्ती नोंदवहीत, अनेक नोंदी होतात. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने उघडावी, हे तेथेच ठरते. काही सॉफ्टवेअर स्वतःला संगणकाबरोबरच सुरू होणाऱ्यांच्या यादीत घालून घेतात, तर काही ‘सर्व्हिस’ या स्वरूपात सतत पार्श्वभूमीवर चालू राहतात. छपाईयंत्रासारख्या उपकरणांबरोबर येणारी सॉफ्टवेअर आपले ‘ड्रायव्हर’ बसवितात.

या पसाऱ्यात एक नोंद महत्त्वाची असते. रजिस्ट्रीमध्ये ‘अनइन्स्टॉल’ या नावाची एक शाखा आहे. नवे सॉफ्टवेअर तेथे आपले नाव, आवृत्ती आणि ‘मला काढावयाचे झाल्यास ही फाइल चालवावी’ असा पत्ता नोंदवून ठेवते. आपल्याला दिसणारी सॉफ्टवेअरची यादी मुख्यतः याच शाखेवरून तयार होते. फोल्डर हाताने पुसले, तर पत्ता राहतो, पण त्या पत्त्यावरील फाइल नाहीशी होते. यादीतून नाव न जाण्यामागील रहस्य हेच.

फ्लॉपीपासून महाजालापर्यंत

सॉफ्टवेअर काढण्याची अधिकृत सोय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली ती ‘विंडोज ९५’मुळे. ऑगस्ट १९९५मध्ये आलेल्या या कार्यप्रणालीच्या ‘कंट्रोल पॅनल’मध्ये ‘ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स’ हे नवे चिन्ह होते. ‘डिझाइन्ड फॉर विंडोज ९५’ हे बोधचिन्ह वेष्टनावर छापावयाचे असेल, तर सॉफ्टवेअरने स्वतःला काढण्याची व्यवस्था देणे बंधनकारक करण्यात आले होते. त्या काळी सॉफ्टवेअर फ्लॉपींच्या संचातून मिळे. विंडोज ९५चा फ्लॉपींचा संच १३ फ्लॉपींचा होता. त्यातील एक जरी खराब निघाली, तरी सारे काम अडून पडे.

पुढे सीडी आली आणि ‘ऑफिस २०००’बरोबर ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही नवी यंत्रणा आली. ‘एमएसआय’ या शेपटीच्या फाइल्स तिच्याच. कोणती फाइल कोठे ठेवली, याची पद्धतशीर नोंद ठेवणे आणि काम अर्धवट अडले तर केलेले बदल मागे घेणे, ही या यंत्रणेची वैशिष्ट्ये. जानेवारी २००७मध्ये सर्वसामान्यांसाठी आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’ने पडदा अंधारून परवानगी विचारणारी चौकट आणली. त्या चौकटीचा त्या वेळी अनेकांना वैताग आला. पण ‘हे सॉफ्टवेअर आपल्या संगणकात बदल करू इच्छिते, करू द्यावे काय?’ हा प्रश्न आवश्यकच होता. २०१२मधील ‘विंडोज ८’पासून ‘मायक्रोसॉफ्ट स्टोअर’ची सोय झाली आणि २०२१मध्ये ‘विनगेट’ या आज्ञेद्वारे एका ओळीत सॉफ्टवेअर बसविणे, अद्ययावत करणे आणि काढणे शक्य झाले.

सीडीच्या काळात सॉफ्टवेअर कोठून आले, हे हातात धरलेल्या वेष्टनावरून कळत असे. महाजालावर ती खूण उरली नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर नेमके कोणी दिले, हा प्रश्न आता प्रत्येक वेळी आपणच विचारावा लागतो.

बसविण्यापूर्वी

पहिला नियम असा, की सॉफ्टवेअर नेहमी निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून अथवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच घ्यावे. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो आणि त्या पानावरील ‘डाऊनलोड’ लिहिलेले सर्वांत मोठे बटणही तसेच. ठाऊक असलेला पत्ता स्वतः टंकित करणे केव्हाही श्रेयस्कर.

दुसरे असे, की सॉफ्टवेअर आपल्या संगणकाला चालेल काय, हे आधी पाहावे. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टीम’ आणि त्यातील ‘अबाउट’ या पानावर विंडोजची आवृत्ती, स्मृती आणि ३२ की ६४ बिट ही माहिती मिळते. ६४ बिटचे सॉफ्टवेअर ३२ बिटच्या विंडोजवर बसत नाही. विंडोज ११ ही फक्त ६४ बिटमध्येच उपलब्ध आहे. विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, ही गोष्टही नवे सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी लक्षात घ्यावी.

तिसरे म्हणजे, उतरवून घेतलेल्या फाइलची स्वाक्षरी तपासावी. फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा विभाग दिसतो. त्यात निर्मात्याचे नाव असते. परवानगी विचारणाऱ्या चौकटीतही ‘व्हेरिफाइड पब्लिशर’पुढे हे नाव येते. तेथे ‘अननोन’ असे दिसले, तर हात आखडता घ्यावा. काही लहान, प्रामाणिक निर्माते स्वाक्षरीचा खर्च करू शकत नाहीत, हे खरे. पण बँकेचे अथवा मोठ्या कंपनीचे म्हणवणारे सॉफ्टवेअर बिनस्वाक्षरीचे असूच शकत नाही.

चौथी गोष्ट परत फिरण्याच्या वाटेची. ‘सिस्टीम रिस्टोअर’ ही सोय सन २०००च्या ‘विंडोज मी’पासून उपलब्ध आहे. नवे सॉफ्टवेअर बसविण्यापूर्वी ‘रिस्टोअर पॉइंट’ तयार करून ठेवला, तर काही बिघडल्यास संगणकाची यंत्रणा त्या क्षणाच्या स्थितीत नेता येते. आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे यांना त्यामुळे धक्का लागत नाही. मात्र अनेक संगणकांवर ही सोय मुळात बंद असते. ती चालू आहे ना, हे आधी पाहावे.

पायरसीचा मुद्दाही येथेच यावयास हवा. महागडे सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून देणाऱ्या फाइलबरोबर बहुधा एक सूचना असते : ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ घरफोड्याने कुत्रा बांधून ठेवावयास सांगावे, तसाच हा प्रकार. शिवाय, कॉपीराइट अधिनियम १९५७च्या कलम ६३-ब अन्वये संगणक आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून, त्यासाठी किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कार्यालयासाठी ‘लिब्रे ऑफिस’ आणि चित्रांसाठी ‘गिम्प’ यांसारखे मोफत आणि कायदेशीर पर्याय उपलब्ध असताना ही जोखीम पत्करण्यात शहाणपण नाही.

बसविताना

‘नेक्स्ट’ दाबण्याचा वेग कमी करणे, हीच येथील मुख्य सूचना. बहुतेक सेटअपमध्ये ‘एक्सप्रेस’ अथवा ‘टिपिकल’ आणि ‘कस्टम’ असे पर्याय असतात. ‘कस्टम’ हा पर्याय तज्ज्ञांसाठी असल्याची अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात सोबत आणखी काय काय बसविले जाणार आहे, हे पुष्कळदा तेथेच कळते. ‘जावा’ बसविताना अनेक वर्षे ‘आस्क टूलबार’ची चौकट आधीच टिचकी लावून समोर येत असे. ती न काढणाऱ्या असंख्य लोकांच्या ब्राउझरमध्ये, मागणी न करता, एक जादा पट्टी येऊन बसली. मे २०१५मध्ये ‘सोर्सफोर्ज’ या जुन्या, प्रतिष्ठित संकेतस्थळाने ‘गिम्प’च्या विंडोज आवृत्तीभोवती जाहिरातींचे वेष्टन गुंडाळल्याचे उघड झाले आणि मोठा गहजब झाला. पुढच्याच वर्षी संकेतस्थळाची मालकी बदलली व नव्या मालकांनी ही प्रथा बंद केली. तात्पर्य, सॉफ्टवेअर चांगले असले, तरी वाटेत त्याच्याबरोबर कोण चढले, हे पाहणे आवश्यक ठरते.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी कधीही बसवू नयेत. दोघेही प्रत्येक फाइल तपासू पाहतात, एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक रखडतो. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसविल्यावर विंडोजमधील ‘डिफेंडर’ बहुधा आपोआप मागे सरतो आणि तो काढल्यावर पुन्हा कार्यरत होतो. जुना अँटिव्हायरस आधी काढावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच नवा बसवावा.

काढण्यापूर्वी : मजकूर आणि परवाना

सॉफ्टवेअर काढले, की त्यात तयार केलेले कामही जाईल काय, ही भीती अनेकांना वाटते. सर्वसाधारणपणे आपण ‘डॉक्युमेंट्स’मध्ये जपून ठेवलेल्या फाइल्स तशाच राहतात. मात्र ईमेल, हिशेब, ग्राहकांच्या नोंदी अशा सॉफ्टवेअरचा साठा त्यांच्याच फोल्डरमध्ये असू शकतो. म्हणून काढण्यापूर्वी ‘बॅकअप’ घेणे अनिवार्य समजावे आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

परवान्याची बाब अशीच. अनेक सशुल्क सॉफ्टवेअरचा परवाना एका विशिष्ट संगणकाशी बांधलेला असतो. तो न सोडविता सॉफ्टवेअर काढले अथवा हार्ड डिस्क फॉरमॅट केली, तर नव्या संगणकावर परवाना अडकून पडतो. लहान व्यापाऱ्यांमध्ये रूढ असलेल्या ‘टॅली’मध्ये यासाठी परवाना ‘सरेंडर’ करण्याची सोय आहे. इतरत्र तिला ‘डीॲक्टिव्हेट’ असे म्हणतात अथवा केवळ खात्यातून ‘साइन आउट’ करावे लागते.

मराठी वापरकर्त्यांसाठी याहून जिव्हाळ्याचा प्रश्न आहे तो फॉन्टचा. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडील बहुतेक मराठी मजकूर पुण्याच्या ‘मॉड्युलर इन्फोटेक’ची ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, सी-डॅकचे ‘आयएसएम’ अशा संचांमध्ये टंकित झाला. या जुन्या फॉन्टची रचना अशी होती, की संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसेच. रोमन अक्षरांसाठी असलेल्या क्रमांकांवर देवनागरीच्या आकृत्या बसविलेल्या असत. तो विशिष्ट फॉन्ट संगणकात आहे, तोवर पडद्यावर मराठी दिसते. तो गेला, की त्याच फाइलमध्ये निरर्थक रोमन अक्षरांची रांग उभी राहते. स्मरणिका, ग्रामपंचायतींचे ठराव, संस्थांची इतिवृत्ते, अप्रकाशित पुस्तके, असा कितीतरी ऐवज आजही अशा फाइल्समध्ये आहे. संगणक बदलताना अथवा ‘हे जुने सॉफ्टवेअर आता कशाला?’ म्हणून संच काढून टाकताना तो एका क्षणात अवाचनीय होऊ शकतो.

विंडोज २०००मध्ये ‘मंगल’ हा युनिकोड देवनागरी फॉन्ट आला. विंडोज एक्सपीवर मात्र मराठीसाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या फाइल्स मूळ सीडीवरून वेगळ्या बसवाव्या लागत. आता विंडोजमध्ये मराठीची सोय अंगभूतच आहे. पण जुन्या फाइल्स आपोआप युनिकोडमध्ये येत नाहीत. त्यामुळे जुना संच काढण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. एक, महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ प्रत करावी. म्हणजे मजकूर किमान जसाच्या तसा दिसेल आणि छापता येईल. दोन, रूपांतरकाच्या साह्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांवर विशेष लक्ष ठेवून तो मुळाशी ताडून पाहावा. या दोन्ही गोष्टी होईपर्यंत संचाला हात लावू नये.

काढण्याची योग्य पद्धत

विंडोज ११मध्ये पुढील क्रम अनुसरावा :

१) सॉफ्टवेअर चालू असल्यास बंद करावे. घड्याळाशेजारील लहान चिन्हांमध्येही ते दडलेले असू शकते; तेथूनही बाहेर पडावे.

२) ‘स्टार्ट’मधून ‘सेटिंग्ज’, त्यातील ‘ॲप्स’ आणि पुढे ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ निवडावे. विंडोज १०मध्ये याच जागी ‘ॲप्स अँड फीचर्स’ असे नाव आहे.

३) यादी ‘डेट इन्स्टॉल्ड’प्रमाणे लावावी. अलीकडे नकळत काय आले, हे चटकन ध्यानात येते.

४) नावापुढील तीन टिंबांवर क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ निवडावे. मध्येच ‘माझी माहिती व सेटिंग्जही काढावीत काय?’ असे विचारले गेल्यास विचारपूर्वक उत्तर द्यावे. तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवावयाचे असेल, तर माहिती राहू द्यावी.

५) काम पूर्ण झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा. वापरात असलेल्या काही फाइल्स त्या वेळीच जातात.

जुन्या सवयीचे वाचक ‘कंट्रोल पॅनल’मधील ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ हा मार्गही वापरू शकतात. यादीतील प्रत्येक अनोळखी नाव मात्र कचरा समजू नये. ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ हे नाव निरनिराळ्या वर्षांसह अनेकदा दिसते. त्या प्रती एकसारख्या वाटल्या, तरी वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वेगवेगळी प्रत लागते. त्या तशाच राहू द्याव्यात. छपाईयंत्र, ध्वनी आणि ग्राफिक्स यांच्या नावांबाबतही हेच.

केवळ संगणक सुरू होण्यास वेळ लागतो, एवढीच तक्रार असेल, तर सॉफ्टवेअर काढण्याचीही गरज नसते. ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘एस्केप’ या कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा आणि त्यातील ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये जाऊन अनावश्यक नावे ‘डिसेबल’ करावीत.

काही सॉफ्टवेअर मात्र काढलेच पाहिजे असे असते. ‘ॲडोबी फ्लॅश प्लेयर’ हे त्याचे ठळक उदाहरण. एके काळी त्यावाचून संकेतस्थळे उघडत नसत. ३१ डिसेंबर २०२० रोजी निर्मात्यानेच त्याचा आधार थांबविला, १२ जानेवारी २०२१पासून त्यातील मजकूर चालणे रोखले आणि ते संगणकातून काढून टाकण्याचे आवाहन केले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ज्याला मिळत नाहीत, ते सॉफ्टवेअर वापरले नाही, तरी उघड्या खिडकीसारखे असते.

निघतच नसेल तर?

काही वेळा ‘अनइन्स्टॉल’ म्हटल्यावर चूक दाखविली जाते. अशा वेळी आधी संगणक पुन्हा सुरू करून प्रयत्न करावा. तरीही न जमल्यास त्याच आवृत्तीचे सॉफ्टवेअर मूळ सेटअपमधून पुन्हा बसवावे आणि मग काढावे. ही युक्ती उफराटी वाटली, तरी बहुधा लागू पडते; कारण हरवलेली ‘काढण्याची फाइल’ त्यामुळे जागेवर येते. अँटिव्हायरसचे बहुतेक निर्माते आपले उत्पादन काढण्यासाठी स्वतंत्र साधन देतात. मायक्रोसॉफ्टकडेही अडकलेली सॉफ्टवेअर काढणारे ‘ट्रबलशूटर’ उपलब्ध आहे.

दोन गोष्टी आवर्जून टाळाव्यात. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉलर’ नावाचे एक लपविलेले फोल्डर असते आणि ते पुष्कळ जागा व्यापते. जागा मोकळी करण्याच्या नादात ते पुसले, तर एमएसआय पद्धतीने बसविलेली सॉफ्टवेअर दुरुस्त करणे, अद्ययावत करणे आणि काढणे अशक्य होऊन बसते. दुसरे, ‘सेफ मोड’मध्ये गेल्यावर सारे काही काढता येते, हा समज बरोबर नाही. विंडोज इन्स्टॉलरची सेवा त्या स्थितीत मुळात बंद असते.

साफसफाईची साधने

रजिस्ट्री ‘स्वच्छ’ करून संगणक वेगवान करण्याचा दावा करणारी अनेक साधने मिळतात. काही शिल्लक नोंदींमुळे संगणक जाणवण्याइतका मंद होत नाही. चुकीची नोंद पुसली गेली, तर मात्र तो सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. अशा साधनांच्या वापराला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही.

काढण्यासाठी बसविलेले साधनच घातक ठरल्याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. २००५मध्ये ‘सोनी बीएमजी’च्या काही संगीत सीडी संगणकात घातल्यावर नक्कल रोखणारे एक सॉफ्टवेअर बसत असे आणि ते स्वतःला कार्यप्रणालीपासून लपवीत असे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उघडकीस आणले. ते हाताने काढावयास गेल्यास सीडी ड्राइव्हच दिसेनासा होई. टीकेनंतर कंपनीने ते काढण्याचे साधन महाजालावर दिले, तर त्या साधनानेच संगणकात नवी फट पाडल्याचे आढळले. अखेर त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. दुसरे उदाहरण ‘सीक्लीनर’चे. २०१७च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत या लोकप्रिय साधनाच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी आपली आज्ञावली घुसविली. ती अधिकृत संकेतस्थळावरून, वैध स्वाक्षरीसह, २० लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. स्वाक्षरी तपासावी हे खरेच. परंतु जे बसविलेच नाही, त्याच्यापासून धोका नाही, हा नियम त्याहूनही पक्का.

दूरध्वनीवरून आलेली सूचना

आजच्या घडीला सर्वांत महागात पडणारी चूक ही सेटअपमधील चौकटीची नसून दूरध्वनीवरील आवाजावर विश्वास ठेवण्याची आहे. ‘बँकेतून बोलतोय’, ‘आपल्या संगणकात व्हायरस आढळला आहे’, ‘परतावा अडकला आहे’, असे सांगून एखादे सॉफ्टवेअर बसवावयास लावले जाते. ते असते दुरून संगणक चालविण्याचे. फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’च्या आडून होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. हे सॉफ्टवेअर स्वतः गैर नाही. अनेक कार्यालयांमध्ये ते दुरुस्तीसाठी रीतसर वापरले जाते. पण त्यावरील अंक परक्याला सांगणे म्हणजे घराची किल्ली देण्यासारखे आहे. घरातील ज्येष्ठ नागरिकांना ही गोष्ट शांतपणे समजावून सांगणे आवश्यक आहे. कारण अशा दूरध्वनींचे सावज बहुधा तेच असतात.

चूक झालीच, तर आधी महाजालाची जोडणी तोडावी आणि मग ते सॉफ्टवेअर काढावे. परंतु येथे केवळ काढल्याने भागत नाही. सॉफ्टवेअर जाते, पण तोवर पाहिली गेलेली माहिती परत येत नाही. म्हणून तत्काळ बँकेला कळवावे, १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि सर्व पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून बदलावेत. संगणक तपासण्यासाठी केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७पासून मोफत साधने उपलब्ध करून दिली आहेत. भ्रमणध्वनीवर लग्नपत्रिका अथवा दंडाची पावती म्हणून येणाऱ्या ‘एपीके’ फाइल्सबाबतही हीच सावधगिरी बाळगावी. पत्रिका हे चित्र असते, ते ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही.

मॅक आणि लिनक्स

ॲपलच्या मॅक संगणकावर बहुतेक ॲप ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमधून ‘ट्रॅश’मध्ये टाकले, की निघते, ‘लायब्ररी’ या फोल्डरमध्ये त्याच्या सेटिंग्ज मात्र मागे राहतात. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर एका मध्यवर्ती भांडारातून येते आणि कोणती फाइल कोणाची, याची चोख नोंद ठेवली जाते. डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘रिमूव्ह’ म्हटल्यास सॉफ्टवेअर जाते, पण यंत्रणेतील त्याच्या सेटिंग्जच्या फाइल्स राहतात. ‘पर्ज’ म्हटल्यास त्याही जातात. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने तेथेही हीच पद्धत चालते.

एक वही ठेवा

कोणतीही कार्यप्रणाली असो, एक साधा उपाय सर्वत्र लागू पडतो. संगणकाशेजारी एक छोटी वही ठेवावी. सॉफ्टवेअर केव्हा बसविले, कोठून घेतले, परवान्याचा क्रमांक काय, ते कोणासाठी आणि कशासाठी लागते, एवढे चार रकाने पुरेत. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नयेत. सहा महिन्यांनी ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी आणि वही समोरासमोर ठेवून पाहावी. वहीत नाही, पण यादीत आहे, अशा प्रत्येक नावाची चौकशी करावी. ज्याचा उपयोग घरातील कोणालाच सांगता येत नाही, ते वरील पद्धतीने काढून टाकावे.

आणि पुढच्या वेळी नवे सॉफ्टवेअर समोर आले, की ‘नेक्स्ट’ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारावे : हे वहीत लिहिताना ‘कशासाठी’ या रकान्यात आपण काय लिहिणार आहोत? उत्तर सुचत नसेल, तर ‘कॅन्सल’चे बटणही तेथेच असते.